पुढची इयत्ता की पुढचा प्रश्न?

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. शाळेतले गणिताचे काम ती सर्वांच्या आधी संपवते आणि मग ‘असे का?’ म्हणून आमच्या मागे लागते. ऋण संख्येला ऋण संख्येने गुणले की उत्तर धन का येते, हा तिचा सध्याचा प्रश्न आहे. आम्हा दोघांपैकी कुणाचाही दहावीनंतर गणिताशी संबंध उरलेला नाही. तिच्यासाठी दोन ऑनलाइन अभ्यासक्रम पाहून ठेवले आहेत. पहिल्यात रोज व्हिडिओ आणि सराव चाचण्या असून वर्षभरात नववी-दहावीचे गणित पूर्ण करून देण्याची हमी आहे. दुसऱ्यात आठवड्याला एकच वर्ग, दहा-बारा मुले आणि घरी सोडवायला चार-पाच प्रश्न आहेत. वर्षअखेर नेमके काय पूर्ण होईल हे मात्र त्यांनी सांगितलेले नाही. आम्हाला पहिला अधिक ठोस वाटतो. अलीकडे एखादे उदाहरण पटकन सुटले नाही, तर ती वही मिटून टाकते, याचीही काळजी वाटते. कोणता अभ्यासक्रम निवडावा? स्पर्धांचा विचार आत्ताच करावा का? आणि स्क्रीनसमोरचा वेळ वाढेल त्याचे काय?
– एक पालक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुलीसाठी मी दुसरा अभ्यासक्रम निवडेन. मात्र आधी तिला एखाद्या नमुना-वर्गाला बसवून, तिथे काय घडते ते पाहून मगच प्रवेश घ्यावा, असे सुचवेन. पहिला अभ्यासक्रम वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. ज्या मुलाला नववीचे गणित आत्ताच हवे आहे, त्याची ती चांगली सोय आहे. तुमची मुलगी मात्र नववीचे गणित मागत नाही. ती सातवीच्याच गणितामागचे कारण मागते आहे, आणि पुढच्या इयत्तांचे धडे भराभर उरकल्याने ते कारण तिच्या हाती लागेल असे मला वाटत नाही. ऋण गुणिले ऋण धन का, हे न कळताच ती वर्गसमीकरणे सोडवू लागेल, आणि वेळापत्रकात त्या प्रश्नाला जागाच नसल्यामुळे पुढे तो विचारायचेही सोडून देईल.

दोहोंतला फरक एका उदाहरणावरून सांगते. क्रमागत, म्हणजे एकापाठोपाठ येणाऱ्या, संख्यांची बेरीज हा विषय घ्या. पहिल्या पद्धतीच्या अभ्यासक्रमात १ पासून कोणत्याही संख्येपर्यंतची बेरीज काढण्याचे सूत्र सांगितले जाते : शेवटची संख्या गुणिले तिच्या पुढची संख्या, भागिले २. त्यावर वीस उदाहरणे दिली जातात, तुमची मुलगी ती पंधरा मिनिटांत संपवते आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहत बसते. दुसऱ्या पद्धतीच्या वर्गात याच विषयावर असा प्रश्न येऊ शकतो : ९ ही संख्या ४ + ५ अशी लिहिता येते आणि २ + ३ + ४ अशीही लिहिता येते, १५ तर ७ + ८, ४ + ५ + ६ आणि १ + २ + ३ + ४ + ५ अशी तीन प्रकारे लिहिता येते, मग दोन किंवा अधिक क्रमागत नैसर्गिक संख्यांच्या बेरजेने कधीच मिळत नाहीत, अशा संख्या कोणत्या? याला कोणतेही सूत्र लागत नाही, बेरीज येणारे कोणतेही मूल लगेच कामाला लागू शकते. अर्ध्या तासात वहीत यादी तयार होते : १, २, ४, ८, १६. पुढची ३२ असावी अशी शंका येते, ती तपासली जाते, खरी निघते, आणि बहुतेक मुले ‘सुटले’ म्हणून हात वर करतात. चांगला शिक्षक तिथेच थांबवून विचारतो, की सहा वेळा जमले म्हणून साठाव्या वेळी जमेल हे कशावरून?

खरी झटापट इथे सुरू होते. बेरजेत किती संख्या घेतल्या हा आकडा तीन, पाच, सात असा विषम असेल, तर बरोबर मधोमध एक संख्या असते आणि एकूण बेरीज म्हणजे ती मधली संख्या गुणिले एकूण किती संख्या घेतल्या ते. म्हणजे बेरजेला एक विषम विभाजक मिळालाच. तो आकडा सम असेल, तर मधोमध दोन शेजारच्या संख्या येतात, त्यांची बेरीज विषमच असणार, आणि दोन्ही टोकांकडून एकेक संख्या घेऊन जोड्या लावल्या तर प्रत्येक जोडीची बेरीज तेवढीच भरते; म्हणजे पुन्हा विषम विभाजक आलाच. २, ४, ८, १६ या संख्यांना मात्र १ सोडून एकही विषम विभाजक नाही, म्हणून त्या या पद्धतीने कधीच मिळायच्या नाहीत. एवढे तर्कशास्त्र सातवीच्या मुलीच्या आवाक्यातले आहे, पण ते तिला कुणी सांगायचे नसते. ते तिच्या वहीत, खाडाखोड करत, कदाचित तीन दिवसांनी उमटायला हवे. त्यानंतर एखादी मुलगी विचारते, की १५ तीन प्रकारे लिहिता येते आणि १५ ला १ सोडून ३, ५ आणि १५ असे तीनच विषम विभाजक आहेत, हा योगायोग आहे का? तो योगायोग नाही. पण हा प्रश्न ज्या मुलीला स्वतःहून पडला, तिने त्या आठवड्यात जे शिकले ते ‘पूर्ण झालेल्या भागा’च्या यादीत कोणत्या शब्दांत लिहायचे? तुमच्या दुसऱ्या अभ्यासक्रमाच्या चालकांनी वर्षअखेर काय पूर्ण होईल हे सांगितले नाही, त्यामागे हेच कारण असण्याची शक्यता आहे. तेवढा संशयाचा फायदा मी त्यांना देईन, पण नमुना-वर्ग पाहिल्यावरच.

पुढच्या इयत्तेचे गणित आधी शिकणे हे घातक असते, अशी एक समजूत काही शिक्षकांमध्ये आहे. ती मला मान्य नाही. ज्युलियन स्टॅन्ली या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गणितात असामान्य गती असलेल्या मुलांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. त्यांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना महाविद्यालयीन प्रवेशासाठीची, म्हणजे चार-पाच वर्षांनी मोठ्या मुलांसाठीची, गणिताची परीक्षा द्यायला लावली, आणि ज्यांना ती झेपली त्यांना पुढच्या वर्गांची वाट मोकळी करून दिली. त्या मुलांचा पुढे काही दशके मागोवा घेतला गेला. लवकर पुढे गेल्यामुळे त्यांचे नुकसान झाल्याचे दिसले नाही. पण त्या परीक्षेत मुलांना अजून न शिकवलेल्या गोष्टींवरचे प्रश्न होते, आणि ते सोडवायला पाठांतर कामाला येत नव्हते; म्हणजे तर्क करता येतो की नाही हे आधी पाहिले गेले आणि वेग नंतर आला. तुमच्या मुलीलाही वर्ष-दीड वर्षाने येत असलेले बीजगणित अपुरे पडू लागेल, सिद्धता लिहिताना अक्षरांची भाषा हवीशी वाटेल. तेव्हा तिला पुढच्या इयत्तेचे पुस्तक खुशाल द्यावे. गरज पडल्यावर हाती आलेले बीजगणित दोन महिन्यांत अंगवळणी पडते, हा माझा शिकवण्यातला अनुभव आहे.

आता नमुना-वर्गात काय पाहायचे ते सांगते. तुम्हाला गणित येत नाही याचा इथे काहीही अडसर नाही. तुमच्या मुलीने तिचा ऋण संख्येचाच प्रश्न तिथे विचारावा. ‘तो नियम आहे, लक्षात ठेव’ असे उत्तर आले, तर तो वर्ग कितीही नावाजलेला असला तरी तुमच्या कामाचा नाही. शिक्षकाने स्वतःच घाईने संपूर्ण स्पष्टीकरण देऊन टाकले, तर तो बरा आहे. पण शिक्षकाने तिलाच खाली खाली लिहायला लावले, की –३ × २ = –६, –३ × १ = –३, –३ × ० = ०, आणि मग विचारले, की उत्तर दर पायरीला कितीने वाढते आहे आणि पुढच्या ओळीत –३ × –१ च्या जागी काय आले तर ही चाल मोडणार नाही, तर त्या वर्गात तिचे नाव घाला. त्यातही एखादा शिक्षक पुढे म्हणाला, की चाल मोडू नये हे ठीक, पण ती मोडली तर गणिताचे नेमके काय बिघडेल, तर तो विरळा आहे असे समजा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे, आणि जाहिरातीत ती सहसा दिसत नाही : मुलांनी लिहून पाठवलेली उत्तरे कोण वाचते, आणि ती परत येतात तेव्हा त्यांवर काय लिहिलेले असते? ऑनलाइन वर्ग म्हटले की आपण व्हिडिओचा दर्जा, फळा नीट दिसतो का, शिक्षकाची पदवी कोणती, हे पाहतो. पण दूर बसून गणित शिकवण्याची परंपरा संगणकापेक्षा बरीच जुनी आहे. हंगेरीत दानिएल अरान्य या शाळाशिक्षकाने १८९४ साली शालेय मुलांसाठी गणिताचे एक मासिक सुरू केले. त्यात प्रश्न छापले जात, मुले उत्तरे टपालाने पाठवत, आणि चांगली उत्तरे सोडवणाऱ्याच्या नावानिशी पुढच्या अंकांत छापली जात. पुढे जगप्रसिद्ध झालेले गणितज्ञ पॉल एर्डॉश शाळेत असताना त्याचे प्रश्न सोडवत असत. ‘कोमल’ या नावाने ओळखले जाणारे ते मासिक आजही निघते. मॉस्कोत इस्रायल गेल्फांद या मोठ्या गणितज्ञाने १९६४ साली, जिथे गणिताचे वर्ग नाहीत अशा गावांतल्या मुलांसाठी, टपालाद्वारे चालणारी गणिताची शाळा काढली. मुलांच्या वह्या टपालाने येत आणि तपासून, शेरे लिहून परत जात. तिथे ना व्हिडिओ होता ना थेट वर्ग. मुलाने मन लावून काहीतरी लिहिले, जाणत्या माणसाने ते मन लावून वाचले आणि ‘इथे तुझे पाऊल घसरले, पण ही कल्पना पुढे ने’ असे लिहून परत पाठवले, एवढ्यावर त्या शाळा चालल्या.

यातले माझे स्वतःचे अपयशही सांगून टाकते. सुरुवातीच्या काळात मी चालवलेल्या एका ऑनलाइन गटात एका मुलाने मोजणीच्या प्रश्नाचे चुकीचे उत्तर पाठवले होते. मी घाईत होते, फुली मारली आणि अचूक उत्तर जोडून दिले. महिनाभराने जुनी पाने चाळताना लक्षात आले, की त्याची पद्धत माझ्या उत्तरापेक्षा देखणी होती, त्याने फक्त एक प्रकार दोनदा मोजला होता. तोवर त्याने उत्तरे पाठवणे बंद केले होते. म्हणून चालकांना सरळ विचारा, की एखाद्या विद्यार्थ्याच्या तपासलेल्या उत्तराचे पान, नाव झाकून, पाहायला मिळेल का. ज्यांच्याकडे दाखवण्यासारखे पान आहे ते आनंदाने दाखवतात. जिथे सगळी तपासणी चार पर्यायांतून एक निवडण्यावर आणि यंत्राने दिलेल्या गुणांवर चालते, तिथे ते पानच नसते.

प्रवेश घेण्याआधी तिची आवड अजमावायला महिनाभर घ्यायचा असेल, तर त्यासाठी काहीही खर्च करावा लागत नाही. केंब्रिज विद्यापीठाचा ‘एनरिच’ हा प्रकल्प १९९६ पासून शालेय मुलांसाठी असे प्रश्न विनामूल्य पुरवतो. सुरुवात कुणालाही जमावी आणि पुढे कितीही खोल जाता यावे, असे त्यांचे बरेचसे प्रश्न रचलेले असतात. ‘आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंग’ या संस्थेचे वर्ग सशुल्क आहेत, पण तिची ‘अल्कुमस’ नावाची प्रश्नपेढी मोफत आहे आणि मुलाचे जसे जमत जाईल तसे ती प्रश्न अवघड करत नेते. त्यांच्या बऱ्याचशा वर्गांत शिक्षकाचा चेहरा वा आवाज नसतो, सगळे संभाषण टंकलेखनाने चालते. काही पालकांना हे विचित्र वाटते, पण बुजऱ्या मुलांना तिथे बोलायला धीर येतो असे मी पाहिले आहे. ‘खान अकॅडमी’ मोफत आणि उत्तम आहे, पण तिचा मुख्य उपयोग शालेय भाग पक्का करण्यासाठी होतो. तुमच्या मुलीला एखादी संकल्पना निसटली असेल तर तिथे जावे. ‘प्रोजेक्ट ऑयलर’ या प्रश्नांच्या संकेतस्थळाचे आकर्षक नाव ऐकून घाई करू नका, त्यातल्या प्रश्नांना गणिताबरोबर प्रोग्रॅमिंगही लागते. यांतले बहुतांश साहित्य इंग्रजीत आहे. तिला भाषेची अडचण वाटली, तर पहिले काही प्रश्न तुम्ही तिच्याबरोबर वाचावेत. गणित येत नसलेल्या पालकालाही एवढे करता येते.

स्पर्धांबद्दल थोडक्यात. आत्ता नको, पण टाळूही नका. स्पर्धा म्हणजे वेग, अशी जी कल्पना आहे ती सगळीकडे खरी नाही. शालेय विद्यार्थ्यांसाठीची सर्वांत मानाची स्पर्धा म्हणजे आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड, जिची सुरुवात १९५९ मध्ये रुमानियात झाली. तिच्यात दोन दिवसांत मिळून सहाच प्रश्न असतात आणि रोजच्या तीन प्रश्नांसाठी साडेचार तास मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी दीड तास. तिथे पोहोचणारी मुले पटापट उत्तरे देणारी असण्यापेक्षा दीड तास न उठता एकाच प्रश्नाशी भिडणारी असतात. तुमची मुलगी आज पाच मिनिटांत वही मिटते. तेव्हा आधी ते सांभाळू.

वही मिटण्याच्या सवयीचे मला फारसे आश्चर्य वाटत नाही. जिला आजवर प्रत्येक उदाहरण पाहताक्षणी सुटत आले, तिला न सुटणाऱ्या उदाहरणासमोर बसायचे कसे हे शिकायची संधीच मिळालेली नाही, आणि ‘मला येत नाही’ आणि ‘मला अजून सुटलेले नाही’ या दोन गोष्टी तिला एकच वाटतात. दुसऱ्या अभ्यासक्रमात पहिले तीन-चार आठवडे जड जातील. ती चिडेल, कदाचित ‘मला नाही जायचे’ म्हणेल. त्या काळात तिला दोन गोष्टींची मुभा द्यावी : प्रश्न अर्धवट सोडून दुसऱ्या दिवशी परत येण्याची, आणि अर्धवट उत्तर तसेच पाठवण्याची. एका गोष्टीला मात्र दोन दिवस मनाई असावी, ती म्हणजे तयार उत्तर शोधण्याला. आज कोणताही प्रश्न मोबाइलवर टाकला की सोडवलेले उत्तर समोर येते, आणि ते एकदा पाहिले की त्या प्रश्नाची गंमत संपते. महिन्याभरानंतरही ती नाखूश असेल, तर तिला अवघड वाटते आहे की कंटाळा येतो आहे, हे तिच्याशी बोलून ठरवा. अवघड वाटत असेल तर थोडे थांबा. कंटाळा येत असेल तर शिक्षक चुकीचा असेल किंवा गट तिच्यासाठी सोपा असेल, आणि तो बदलण्यात कमीपणा नाही.

तुमच्याकडून तिला उत्तरांची अपेक्षा नसते, श्रोत्याची असते. ‘मला समजेल असे सांग’ एवढे म्हणून शेजारी बसावे. समजले नाही तर मान डोलावू नका, ‘ही पायरी मला कळली नाही’ म्हणा. निम्म्या वेळा तिची चूक नेमकी त्याच पायरीत सापडेल.

स्क्रीनचा प्रश्नही यातूनच बराचसा सुटतो. दुसऱ्या अभ्यासक्रमात आठवड्याला तासाभराचा वर्ग असेल, आणि बाकीचे दोन-तीन तास कागद-पेन्सिलीवर जायला हवेत. पहिल्यात हे प्रमाण उलटे आहे, कारण व्हिडिओही तिथेच आणि चाचणीही तिथेच. वर्ग संपला की यंत्र बंद करून प्रश्न हाताने वहीत उतरवून घ्यायचे, एवढा एक नियम पुरेसा होईल. एका वेळी एकच अभ्यासक्रम असावा, हेही सांगायला हवे. दोन्हींत नाव घालून पाहू, असा विचार मनात असेल तर तो सोडून द्या.

नमुना-वर्गाची तारीख मिळेपर्यंत तिला एक काम देऊन ठेवा. देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी १९४९ साली मांडलेली ही गोष्ट आहे. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने होणारी संख्या वजा करायची, आणि येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तेच करायचे. ३५२४ घेतले तर ५४३२ – २३४५ = ३०८७, मग ८७३० – ०३७८ = ८३५२, मग ८५३२ – २३५८ = ६१७४; आणि ६१७४ वर हीच क्रिया केली की पुन्हा ६१७४. कोणत्याही संख्येपासून निघाले तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हाच मुक्काम येतो (मध्ये ९९९ आले तर ते ०९९९ असे लिहावे). चार अंकांचे सगळे कोडे तिच्या वयाला मोठे आहे, पण तीन अंकी संख्या घेऊन तिला हेच करू द्या. तिथे पहिल्याच वजाबाकीपासून प्रत्येक उत्तराचा मधला अंक ९ येतो (९९ आले तर ते ०९९ असे लिहावे). तो ९च का येतो, हे ती शोधते आहे तोवर तिच्या वहीत डोकावू नका, आणि शोधून झाल्यावर ते पान फाडू न देता नमुना-वर्गाच्या शिक्षकांना दाखवायला ठेवा.